तळावरचा संध्याकाळचा दवाखाना: ऊसतोड कुटुंबांसाठी चालणाऱ्या एका आरोग्यसेवेचे परीक्षण

वाळवा तालुक्यातील एका साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, जिथे पडतात, त्या तळांवर गेल्या काही हंगामांपासून एक फिरता दवाखाना संध्याकाळच्या वेळी चालतो. एक लहानशी विश्वस्त संस्था तो चालवते आणि तिच्या मुख्य डॉक्टर दक्षिण सुदान व बांगलादेश येथील निर्वासितांच्या छावण्यांत काम करून सांगली जिल्ह्यात परतलेल्या आहेत. संस्थेचे, डॉक्टरांचे आणि कारखान्याचे नाव येथे दिलेले नाही, कारण तशी त्यांची विनंती आहे. परंतु ज्यांच्या शेतात तोड चालते अशा या भागातील बहुतेक बागायतदारांना हा दवाखाना ठाऊक आहे. मी या तालुक्यात औषधांचे दुकान चालवतो. हंगामात तळावरून येणाऱ्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात, आणि त्या चिठ्ठ्यांत मला जो फरक दिसू लागला तो पाहूनच मी ही सेवा जवळून बघायला जाऊ लागलो. त्यामुळे हे परीक्षण औषधविक्रेत्याच्या नजरेने लिहिलेले आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

सेवेचे मोल कळण्यासाठी ती ज्यांच्यासाठी आहे त्यांचा दिवस आधी समजून घ्यावा लागतो. बीड, अहिल्यानगर, परभणी या जिल्ह्यांतून आणि आपल्याच जत तालुक्यातून आलेले कोयते, म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, पहाटेच्या अंधारात फडावर जातात. तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून त्या गाडीत भराव्या लागतात आणि गाडी भरून झाल्याशिवाय दिवस संपत नाही. त्यानंतर बाईच्या वाट्याला पाणी, चूल आणि लेकरे असतात. शासकीय प्राथमिक आरोग्य केंद्राची बाह्यरुग्ण तपासणी सकाळी भरात असते, नेमकी त्याच वेळी ही माणसे फडात असतात. दोघांपैकी एकाने सुट्टी घेतली तर खाडा पडतो, त्याचा दंड उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेतून, वळता होतो, आणि म्हणून ताप अंगावर काढणे हाच त्यांच्या हिशेबातला शहाणपणा ठरतो. आरोग्य केंद्र तीन किलोमीटरवर असूनही ते या लोकांसाठी नसल्यासारखेच असते, याचे कारण अंतरात नाही, वेळेत आहे.

हा दवाखाना संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू होतो आणि शेवटचा माणूस बघून होईपर्यंत चालतो. प्रत्येक तळावर आठवड्यातून एक ठरलेली संध्याकाळ असते. जीपमधून दोन घडीची टेबले, बॅटरीवरचे दिवे, वजनकाटा, उंची मोजण्याची फळी आणि औषधांच्या पेट्या उतरतात. नोंदणीसाठी एक आरोग्यसेवक बसतो, आणि तो स्वतः पूर्वी टायरगाडीवर काम केलेल्या कुटुंबातला असल्याने कोणती टोळी कोणत्या मुकादमाची, कोण कालच आले, कोणाची बाळंतीण कोपीत झोपून आहे, हे त्याला विचारावे लागत नाही. शुल्क वीस रुपये आहे आणि त्यात औषधे येतात. लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना तेही माफ आहे. पूर्ण फुकट का ठेवले नाही, असे मी विचारले होते. वीस रुपये दिलेला माणूस गोळ्यांबद्दल हक्काने प्रश्न विचारतो, असे मला सांगण्यात आले, आणि दुकानाच्या काउंटरमागे बसून आलेला माझा अनुभवही तोच आहे.

आता औषधांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे या सेवेची खरी परीक्षा होते.

पेट्यांत औषधांची संख्या कमी आहे आणि निवड अतिशय विचारपूर्वक केलेली आहे. लहान मुलांच्या न्यूमोनियासाठी अमोक्सिसिलिनचे कोरडे सिरप न ठेवता पाण्यात विरघळणाऱ्या २५० मिलिग्रॅमच्या गोळ्या ठेवल्या आहेत. या एका निवडीतून डॉक्टरांनी कोपी आतून पाहिलेली आहे हे कळते. कोरडे सिरप उकळून थंड केलेल्या पाण्यात नेमक्या खुणेपर्यंत मिसळावे लागते, नंतर ते थंड जागी ठेवावे लागते आणि सामान्यतः आठवड्याच्या आत संपवावे लागते. पाचटाच्या कोपीत, उघड्यावर शिजणाऱ्या संसारात, यातले काहीही होणार नाही. गोळी मात्र आईच्या हातातल्या चमच्यात, थोड्याशा पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळते. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या न्यूमोनियासाठी हाच प्रकार सुचवलेला आहे, तरीही आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर तो क्वचित दिसतो आणि बाटलीच लिहिली जाते, कारण बाटली दिली की औषध दिल्यासारखे वाटते.

न्यूमोनियाचे निदानही तितक्याच साध्या साधनाने होते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजले जातात. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा त्याहून अधिक श्वास असतील तर तो जलद श्वास मानायचा. छाती आत ओढली जात असेल तर मूल तळावर ठेवायचे नाही, जीपमध्ये घालून रुग्णालयात न्यायचे. एक मिनिट हे गर्दीच्या रांगेत फार मोठे वाटते. डॉक्टर ते कधीही कमी करत नाहीत, हे मी मुद्दाम पाहिले आहे.

जुलाबासाठी क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटे आणि झिंकच्या २० मिलिग्रॅमच्या गोळ्या चौदा दिवसांसाठी दिल्या जातात. पाकीट देऊन काम संपत नाही, हे इथे कटाक्षाने पाळले जाते. पाकीट २०.५ ग्रॅमचे असते आणि ते पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळायचे असते. अर्ध्या तांब्यात मिसळले तर मीठ जास्त होते आणि बाळाला अपाय होतो. म्हणून आरोग्यसेवक त्या कुटुंबाचीच पाण्याची बाटली मागून घेतो, तिच्यावर एक लिटरची खूण करून देतो आणि पहिला लिटर आईकडूनच तिथे करवून घेतो. याच्या जोडीला पाणी शुद्ध करणाऱ्या मेडिक्लोरची बाटली आणि किती थेंब घालायचे याची चित्रे दिली जातात, कारण पाणी बहुधा कालव्याचे किंवा शेतातल्या मोटरचे असते.

क्षारसंजीवनीचा इतिहास आपल्या देशातल्या डॉक्टरांना अभिमान वाटावा असा आहे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलरा) साथ पसरली, सलाइन संपत आले, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिपांत भरून नातेवाइकांच्याच हाती पाजायला दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. प्रशिक्षित हात अपुरे पडले तेव्हा आईच्या हातात उपचार देता येतो, हे त्या छावणीने जगाला दाखवले, आणि आमच्या तळावर बाटलीवर केली जाणारी खूण त्याच विचाराची आहे.

इंजेक्शन आणि सलाइन यांबाबतीत दवाखाना कडक आहे, आणि त्यामुळे त्याच्यावर रागही आहे. अंग दुखते म्हणून सुई मागणारी माणसे रोज येतात. त्यांचे दुखणे खोटे नसते. दिवसभर मोळ्या वाहिलेल्या मानेला आणि कमरेला आराम हवाच असतो. परंतु तळाजवळच्या टपऱ्यांवर डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या पुडीत बांधून सुट्या विकल्या जातात, उपाशीपोटी दिवसातून तीन-तीनदा घेतल्या जातात, आणि हंगामाच्या शेवटी पोटात जखमा आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी घेऊन माणसे गावी जातात. हा प्रकार थांबवणे औषध व्यवसायातील आम्हा सर्वांचे काम आहे आणि तो आम्ही पुरेसा थांबवलेला नाही. दवाखान्यात पॅरासिटामॉल, लावायचे मलम आणि मोळी उचलण्याच्या पद्धतीबद्दल थोडे मार्गदर्शन मिळते. एका मुकादमाने माझ्यासमोर तक्रार केली, “मॅडम, सुई न्हाई तर माणूस उद्या उभा कसा राहील?” डॉक्टरांनी त्यांना शेजारी बसवून घेतले आणि त्याच टोळीतल्या एका बाईचे हिमोग्लोबिन ७.२ आलेले दाखवले. “अण्णा, ही उभी राहत नाही ती सुई न मिळाल्यामुळे नाही. हिच्या अंगात रक्त नाही. तिला जड मोळी देऊ नका आणि मी देते त्या गोळ्या ती रोज घेते का ते बघा,” असे त्या म्हणाल्या. मुकादम किती ऐकतील हे सांगता येत नाही, पण त्यांच्याशी बोलल्याशिवाय तळावर काहीही घडत नाही, हे डॉक्टरांना नीट ठाऊक आहे.

या सेवेतील सर्वांत मोलाची वस्तू औषधांच्या पेटीत नाही. ते एक जाड कागदाचे घडीचे कार्ड आहे, ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून रुग्णाच्या हाती दिले जाते. त्यावर मुलाचे वजन, उंची, दंडाचा घेर, झालेल्या व राहिलेल्या लसी, गरोदर स्त्रीच्या तपासण्या, रक्तदाब, हिमोग्लोबिन, दिलेली औषधे, आणि पुढे काय करायचे हे स्वच्छ मराठीत लिहिलेले असते. मूळ गाव, तिथले उपकेंद्र आणि तिथल्या आशाताईंचा दूरध्वनी क्रमांक लिहिण्यासाठी वेगळी जागा आहे. शासनाचे माता व बाल संरक्षण कार्ड असतेच, परंतु ते बहुतेक वेळा गावच्या घरी पत्र्याच्या पेटीत राहिलेले असते आणि इथल्या परिचारिकेला मागचा डोस कधी झाला हे कळायला मार्ग नसतो. मग एकतर लस दुबार होते किंवा होतच नाही. दवाखान्याचा सेवक त्याच संध्याकाळी गावच्या आशाताईंना फोन लावून माहिती मिळवतो आणि कार्डावर उतरवतो. हंगाम संपताना उलट दिशेने फोन जातो: अमुक बाई सातव्या महिन्यात आहे, रक्त कमी आहे, गावी पोचली की बघा.

दंडाचा घेर मोजण्याची रंगीत पट्टी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर ती गुंडाळतात. ११५ मिलिमीटरच्या खाली लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण, ११५ ते १२५ पिवळा, म्हणजे मध्यम, त्यापुढे हिरवा. आफ्रिकेतील दुष्काळी छावण्यांत याच पट्टीने एका दिवसात हजारो मुले तपासली जातात. आमच्या हिरव्यागार, पाण्याने भरलेल्या, साखर पिकवणाऱ्या तालुक्यात ही पट्टी लाल रंगावर थांबताना मी पाहिली, आणि ती गोष्ट मला सहजासहजी विसरता येणार नाही. अशा मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवले जाते. मध्यम गटातील मुलांसाठी जवळच्या अंगणवाडीशी बोलून आहार सुरू केला जातो. स्थलांतरित मुलांना अंगणवाडीचा लाभ मिळायलाच हवा, परंतु कोणीतरी जाऊन नाव नोंदवल्याशिवाय तो मिळत नाही. छावण्यांत वापरतात ते शेंगदाणा, दूधभुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे यांचे ९२ ग्रॅमचे पाकीट, ज्यात ५०० किलोकॅलरी असतात, ते इथे वापरले जात नाही. शेंगदाणे आणि गूळ आपल्याकडे भरपूर असल्याने त्यांचे लाडू देऊन भागेल असे काही दानशूर मंडळी सुचवतात. मध्यम कुपोषणात त्याची मदत होते. लाल पट्टीच्या मुलाला मात्र लाडवावर ठेवणे धोक्याचे आहे, आणि डॉक्टर हे देणगीदारांना स्पष्ट सांगतात.

डॉक्टरांचा इथपर्यंतचा मार्ग वाचकांना, विशेषतः वैद्यकीय शिक्षण घेत असलेल्या मुलामुलींना, उपयोगी पडेल म्हणून त्यांच्या परवानगीने देतो. त्या याच जिल्ह्यातल्या. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएस झाल्यावर बंधपत्राची, म्हणजे पदवीनंतरची सक्तीची, एक वर्षाची शासकीय सेवा त्यांना जत तालुक्याच्या पूर्व भागात मिळाली. अनेकजण हे वर्ष कसेबसे उरकतात. त्यांनी त्या वर्षात कामापुरते कन्नड शिकून घेतले, कारण सीमेवरच्या त्या गावांत बायका पोटदुखी कन्नडमध्येच सांगत. पुढे बालरोगाचे शिक्षण झाले, काही वर्षे ग्रामीण रुग्णालयात नोकरी झाली, आणि मग त्या तीन महिन्यांच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या पदविकेसाठी इंग्लंडमधील लिव्हरपूलला गेल्या. तिथली संस्था १८९८ मध्ये स्थापन झालेली आहे. त्यानंतर डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संघटनेमार्फत त्यांनी बांगलादेशातील कॉक्स बाजार येथे रोहिंग्या छावण्यांत आणि नंतर दक्षिण सुदानमधील बेंतियू येथे काम केले.

कॉक्स बाजारमध्ये २०१७ च्या अखेरीस घटसर्पाची (डिप्थीरिया) साथ आली होती. सात लाखांहून अधिक माणसे काही महिन्यांत सीमा ओलांडून आली होती आणि त्यांच्यातील बहुतेक मुलांचे लसीकरण झालेले नव्हते. आपल्याकडच्या तरुण डॉक्टरांनी ज्याचे वर्णन पुस्तकातच वाचलेले असते, तो घशातला करडा पडदा त्यांनी रोज पाहिला. बेंतियूमध्ये पुराच्या पाण्याने वेढलेल्या छावणीत हेपटायटिस ई ची साथ होती, आणि २०२२ मध्ये तिथे या आजाराची लस साथ रोखण्यासाठी जगात प्रथमच वापरली गेली. ही कावीळ दूषित पाण्यातून पसरते आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तिने बाधित झालेल्या स्त्रियांपैकी २० ते २५ टक्क्यांचा मृत्यू ओढवू शकतो. आपल्या शेजारच्या इचलकरंजीने २०१२ मध्ये हीच कावीळ अनुभवलेली आहे. म्हणून डॉक्टर तळावरच्या गरोदर बाईला पहिला प्रश्न पाणी कुठून आणता असा विचारतात, तेव्हा त्यामागे बेंतियूही असते आणि पंचगंगाही.

परदेशात काय शिकलात, असे मी त्यांना एका संध्याकाळी सामान आवरताना विचारले. त्या म्हणाल्या, “काका, आजार मला मिरजेतच शिकवले होते. तिकडे मी दोन गोष्टी शिकले. माझ्यानंतर येणाऱ्या डॉक्टरला माझे अक्षर वाचता आले पाहिजे, आणि माणसाला सवड असेल तेव्हाच दवाखाना उघडा असला पाहिजे.” छावणीत प्रत्येक डॉक्टर काही महिन्यांनी बदलतो, त्यामुळे नोंद ही एकट्याच्या आठवणीवर सोडता येत नाही. ऊसतोडीतही रुग्ण सहा महिन्यांनी बदलतो. कार्डाची कल्पना तिथून आली आणि माझ्या मते या संपूर्ण सेवेचा कणा तीच आहे.

आपल्या जिल्ह्याला हे येणेजाणे नवे नाही. कॅनडात जन्मलेले विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. दूरच्या मुलखातून रुग्ण रेल्वेने मिरजेला येऊ लागले, आणि वानलेसवाडी हे नाव आजही आपण रोज उच्चारतो. त्या काळी परदेशी डॉक्टरांच्या दृष्टीने आपणच दूरचे आणि वंचित होतो. आज मिरजेत शिकलेली मुलगी दक्षिण सुदानला जाते आणि तिकडची शिस्त वाळव्यात आणते, याचे मला मनापासून समाधान वाटते. त्याचबरोबर हेही सांगायला हवे की या शिस्तीसाठी प्रत्येकाने परदेशात जाण्याची गरज नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू करून गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत काम उभे केले आणि घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची त्यांची पद्धत पुढे देशभर स्वीकारली गेली. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला, तेव्हा जगाच्या वैद्यकाला कोकणातून शिकावे लागले. स्वतः डॉक्टरांचेही विद्यार्थ्यांना सांगणे असेच असते: आधी बंधपत्राचे वर्ष मन लावून करा, मग जामखेड किंवा गडचिरोली पाहा, आणि तरीही जावेसे वाटले तर दोन-तीन वर्षांचा स्वतंत्र अनुभव घेऊनच बाहेर जा, कारण छावणीत शिकायला वेळ नसतो.

सर्पदंशाबाबत तळावर केलेली तयारी उत्तम आहे. उसात घोणस असते आणि तोडणाऱ्यांचे पाय बहुतेक उघडे असतात. दवाखाना प्रतिविष ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे; प्रतिविषाची तीव्र प्रतिक्रिया सांभाळण्याची सोय जीपमध्ये नसते. परंतु प्रत्येक टोळीतल्या दोघांना न बांधता, न कापता, अवयव स्थिर ठेवून थेट ग्रामीण रुग्णालयात कसे न्यायचे हे शिकवले आहे, आणि कोणत्या रुग्णालयात त्या आठवड्यात प्रतिविष उपलब्ध आहे याची खात्री सेवक दर सोमवारी फोनवर करून घेतो. ही माहिती कोप्यांच्या मध्यावर फळ्यावर लिहिलेली असते.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव स्त्रियांच्या तपासणीची आहे. जीपच्या मागे चादर लावून आडोसा केला जातो, आणि तो पुरेसा नाही. पांढरे जाणे, पाळीचा त्रास, अंग बाहेर येणे या तक्रारी बायका रांगेत बोलत नाहीत. डॉक्टर स्वतः स्त्री असूनही आडोशापलीकडे पुरुष उभे असतील तर बायका तोंड उघडत नाहीत. या विषयाचे गांभीर्य महाराष्ट्राला ठाऊक आहे. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले होते. साध्या संसर्गावर वेळेत उपचार न होणे, पाळीच्या दिवसांतही खाड्याची भीती असणे आणि कर्करोगाची धास्ती घालून शस्त्रक्रियेकडे ढकलले जाणे, अशा अनेक गोष्टी त्यामागे आहेत. संसर्गाची औषधे या दवाखान्याकडे आहेत. त्या औषधांपर्यंत बाई पोचेल अशी बंद जागा मात्र नाही. एका चांगल्या तंबूचा आणि एका अनुभवी परिचारिकेचा खर्च देणगीदारांनी याच कामासाठी उचलला तर ती रक्कम सर्वांत सार्थकी लागेल, असे माझे मत आहे.

दुसरी उणीव कार्डाच्या दुसऱ्या टोकाची. इथून लिहून दिलेले कार्ड गावी कोणी उघडते का, याचा अनुभव संमिश्र आहे. काही आशाताई ते पाहून पुढची तपासणी करतात आणि पुढच्या हंगामात त्याच कार्डावर त्यांच्या नोंदी घेऊन बाई परत येते. असे एक कार्ड मी हातात घेऊन पाहिले आणि वाळवा व बीड जिल्ह्यातील वडवणी या दोन तालुक्यांचे अक्षर एकाच पानावर वाचून फार आनंद झाला. काही ठिकाणी मात्र हे शासनाचे नाही म्हणून बाजूला ठेवले जाते. दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य विभागांनी त्याला मान्यता दिल्याशिवाय हे सुटणार नाही, आणि राज्यात ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झालेले असताना ही मागणी अवाजवी नाही.

लमाणी बोलणाऱ्या कुटुंबांसाठी त्यांच्या भाषेतला माणूस नाही. पुरुषांच्या दारूच्या प्रश्नाला दवाखाना हात घालत नाही. रांग मोठी असते तेव्हा शेवटच्या लोकांना रात्रीचे जेवण सोडून थांबावे लागते. आणि सारी व्यवस्था एका डॉक्टरांवर उभी आहे. त्या आजारी पडल्या तर तळावर दिवा लागत नाही. त्यांच्या हाताखाली तयार होणारा दुसरा डॉक्टर अद्याप टिकलेला नाही, कारण मानधन शहरातल्या नोकरीच्या जवळपासही जात नाही.

एवढ्या उणिवा मांडूनही, ज्यांच्या शेतात तोड आहे त्यांना मी आग्रहाने सांगेन की टोळी आली की पहिल्याच आठवड्यात मुकादमाला दवाखान्याचा वार सांगावा आणि त्या संध्याकाळी गाडी भरण्याचे काम तासभर आधी आटोपावे. तेवढ्याने रांगेतल्या बायकांची संख्या वाढते, हे दिसून आलेले आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांना नोंदणीच्या आणि मोजमापाच्या कामासाठी घेतले जाते. किमान महिनाभर सलग येणार असाल तरच विचारावे, एखादी संध्याकाळ छायाचित्रांसाठी येणाऱ्यांना नम्रपणे नकार दिला जातो. औषधांच्या रूपाने मदत करू इच्छिणाऱ्यांनी घरात उरलेल्या पट्ट्या किंवा डॉक्टरांना मिळालेले नमुने आणू नयेत. अमोक्सिसिलिन आणि झिंकच्या विरघळणाऱ्या गोळ्या, लोह व फॉलिक ॲसिड, क्षारसंजीवनीची पाकिटे आणि खरजेसाठी परमेथ्रिन मलम एवढीच यादी आहे. मूळ वेष्टनात, देयकासह, आणि मुदत संपायला किमान एक वर्ष बाकी असलेलीच औषधे स्वीकारली जातात. गाळप सुरू होण्यापूर्वी, म्हणजे दसरा ते दिवाळीच्या दरम्यान, ती पोचवली तर पेट्या भरताना उपयोगी पडतात.